केळीच्या तराफ्यावर अडीच दिवस

लातूरच्या गंजगोलाईत माझं दोरखंडाचं दुकान आहे. कासरा, दावं, सुंभ, नायलॉन, ताडपत्री, जे म्हणाल ते. वय पन्नाशीच्या पुढं, पोट सुटलेलं, पोहण्याच्या नावानं शंख. असा माणूस गेल्या जानेवारीत केळीच्या खुंटांच्या तराफ्यावर बसून गोदावरीतून निघाला, ही गोष्ट बाजारात अजून कुणाला पटत नाही. गिऱ्हाईक दोर मोजता मोजता विचारतं, "आप्पा, खरंच गेलतास का रं?" मी हाव म्हणतो आणि दुसरा विषय काढतो. कशाला गेलो होतो ते दुकानात उभं राहून सांगण्यासारखं नाही, म्हणून इथं लिहितो.

दिगंबर माझा कॉलेजातला दोस्त. अर्धापूरजवळच्या गावचा, केळीचा बागायतदार. नांदेडला आम्ही तीन वर्षं एका खोलीत काढली, एका डब्यात जेवलो. दोन वर्षांपूर्वी त्याची बायको संगीता कॅन्सरनं गेली. सकाळी नऊला त्याचाच फोन आला. "आप्पा, गेली रे. दुपारी चारला माती हाय." मी म्हणालो, "निघालोच." आणि मी पोचलो नाही.

बाहेरच्या वाचकाला सांगायला हवं. आमच्या मराठवाड्यात लग्नाला नाही गेलं तर माणसं दोन टोमणे मारून सोडून देतात. मातीला नाही गेलं तर मरेपर्यंत विसरत नाहीत. आम्ही लिंगायत माणसाला बसवून पुरतो, दिगंबरकडं सरणावर ठेवतात, पण शब्द दोन्हीकडं एकच, माती. ती चुकली तर तिसऱ्या दिवशी राख सावडायला जावं, तेही चुकलं तर तेराव्याला, तेही चुकलं तर नुसतं जाऊन घटकाभर बसावं. मी यातलं काहीच केलं नाही. पंधरा दिवसांनी गेलो असतो तर काहीतरी सबब सांगता आली असती. दोन महिन्यांनी काय सांगणार? दिवस जात राहिले तशी लाज वाढत गेली आणि शेवटी साधा फोन करायचीही हिंमत राहिली नाही.

आणि मग दोन वर्षांनी त्याचाच फोन. "आप्पा, संगमावर जायचं का? नदीनं?"

कॉलेजात असताना आम्ही ही बढाई रोज मारायचो. लातूरची मांजरा आणि नांदेडची गोदावरी बिलोली तालुक्याच्या टोकाला एकमेकींना मिळतात. "तुझी नदी माझ्या नदीला कुठं भेटती ते एकदा बघून येऊ," असं तो म्हणायचा. ते बोलणं तिसाहून जास्त वर्षं तसंच पडून होतं. मी फोनवर हाव म्हणालो. मधल्या दोन वर्षांबद्दल त्यानं चकार शब्द काढला नाही, मीही नाही.

माझी बायको महानंदा धपाटे बांधून देताना एवढंच म्हणाली, "ह्या बारीला तरी बोलून या." ती मला ओळखून आहे. मला दिगंबरची माफी मागायची होती. बाकी नदी, संगम, साहस हे सगळं त्याच्या मागून येणारं.

पहिला दिवस: मुदखेडकडचा काठ

तराफा पाहिला आणि माझं धाबं दणाणलं. घड कापून झाल्यावर केळीचा खुंट तसा बिनकामाचा. अर्धापूरकडची पोरं त्याच्यावर पालथं पडून पोहायला शिकतात. दिगंबरनं असे चौदा खुंट टेम्पोतून आणून काठावर शेजारी शेजारी मांडले होते, बांबूच्या खुंट्या आरपार ठोकून ते एकत्र केले होते आणि खाली ट्रॅक्टरच्या चार ट्यूबा फुगवून लावल्या होत्या. बांधणी तेवढी माझ्यासाठी ठेवली होती.

"सुंभ आणलास ना?"

"नायलॉन आणलाय. एक नंबरचा."

"आप्पा, खुंट मऊ असतोय. दबला की नायलॉन ढिल्ला पडतो. सुंभ भिजलं की आवळून बसतं."

"तीस वर्षं दोरी विकायलोय मी," मी म्हणालो. "मला दोरी शिकवू नको."

तो गप्प बसला. पूर्वीचा दिगंबर गप्प बसला नसता, भर घाटावर माझी इज्जत काढली असती. तो वाळला होता. दाढी पांढरी झाली होती, आणि शर्टाची दोन बटणं वेगवेगळ्या रंगाची होती. ती त्यानंच लावली असणार हे माझ्या लक्षात आलं आणि मी खाली वाकून गाठी मारत बसलो.

स्वयंपाकासाठी त्यानं नामी युक्ती काढली होती. दोन लोखंडी घमेली, दोन्हीत काठापर्यंत वाळू, वाळूवर तीन दगड. म्हणजे चूल पेटली तरी खुंटाला धग नाही. सोबत एक फावडं, भांडी, पांघरुणं आणि माझ्या पोरानं आणून दिलेलं तरंगायचं नारिंगी जाकीट. ते घालून मी तराफ्यावर पाय ठेवला तेव्हा धुणं धुणाऱ्या बाया तोंडाला पदर लावून हसत होत्या. हसेनात का, मी रांगत मधोमध गेलो आणि बांबूला धरून बसलो.

हिवाळ्यात पुढच्या बंधाऱ्याचं पाणी अडवलेलं असतं, त्यामुळं नदी संथ, जवळजवळ तळ्यासारखी. दिगंबर लांब बांबू टेकवत तराफा ढकलत होता. दोन्ही काठांना ऊस, हळद, मध्येच केळीचे हिरवेगार पट्टे. लातूरच्या माणसाला एवढं पाणी बघून खरं वाटत नाही. आम्ही आमच्या शहरात पाणी रेल्वेनं येताना पाहिलंय, घागरीमागं घागर लावून रात्री काढल्यात. मी हात बुडवून बसलो होतो आणि मनात येत होतं, की ह्या लोकांना ह्याची काही अपूर्वाईच नाही.

दुपारी घमेल्यातल्या चुलीवर दिगंबरनं मी लातूरहून आणलेल्या बोरसुरीच्या तूरडाळीचं वरण केलं. मी आ वासून बघत राहिलो. कॉलेजात ह्याला चहा उतू जाऊ न देता करता येत नव्हता. "शिकलो," तो म्हणाला. "पोरीची परीक्षा असती, तिला किती राबवायचं?" एका मासे धरणाऱ्यानं होडी जवळ आणून दोन मरळ देऊ केले. दिगंबर मासे आवडीनं खातो, पण त्यानं माझ्याकडं बघून नको म्हणून सांगितलं.

संध्याकाळी ज्या शेतालगत थांबलो तिथल्या माणसानं बोलावून हुरडा खाऊ घातला. गोवऱ्यांच्या आरात भाजलेली कणसं, तळहातावर चोळलेले गरम दाणे, लसणाची चटणी. आमच्याकडं हुरड्याची पार्टी म्हणून पावती फाडतात हल्ली. इथं त्या माणसानं आमची नावंही नंतर विचारली. नावानंतर दिगंबरला विचारलं, "घरी कोण कोण असतंय?"

"मी आन् पोरगी," दिगंबर म्हणाला.

आत्ता बोलावं, असं वाटलं. पण तो माणूस समोर होता, आणि नंतर दिगंबर पांघरूण घेऊन आडवा झाला. कारण शोधणाऱ्याला कारण कधी कमी पडत नाही.

दुसरा दिवस: सकाळ

नऊनंतर वारा समोरून सुटतो आणि तराफा मागं ढकलतो, म्हणून उजाडताच धुक्यात निघालो. माझा नेम असा, की इष्टलिंगाची पूजा झाल्याशिवाय तोंडात पाणीही घालायचं नाही. जाकीट, सदरा काढला, अंग पुसलं आणि तराफ्याच्या कडेला मांडी घालून बसलो. गळ्यातल्या डबीतून लिंग काढून डाव्या तळहातावर घेतलं, भस्म लावलं, डोळे मिटले.

खालचा खुंट सरकला. रात्रभर दबून खुंट बारीक झाले होते आणि माझा एक नंबरचा नायलॉन ढिल्ला पडला होता. कडेचे दोन खुंट फाकले आणि मधल्या फटीतून मी सरळ पाण्यात गेलो.

थंडी अशी की छाती बंद झाली. डाव्या हाताची मूठ मी आवळली होती. लिंगायताच्या घरी जन्मलेल्याला हे सांगावं लागत नाही, की लिंग हातातून गेलं तर मागं जगायला काही उरत नाही. म्हणून मी एकाच हातानं पाणी मारत होतो. डोकं वर आलं तेव्हा तराफा आठ-दहा हातांवर होता आणि दिगंबर बांबू हातात धरून उभा होता.

"दिगू!" मी ओरडलो.

तो हलला नाही. त्यानं मला बघितलं होतं, नीट बघितलं होतं. चेहऱ्यावर राग नव्हता, घाईही नव्हती. स्टँडवर उभा माणूस दुसऱ्याची गाडी लागलेली बघतो, तसा बघत होता. मी खाली गेलो, परत वर आलो. तो अजून तिथंच होता. तोंडात पाणी गेलं आणि पुढं मला फक्त हिरवं दिसायला लागलं. मग काखेत हात आला आणि माझं डोकं कुणीतरी केसांना धरून वर ओढलं.

काठावर चिखलात पालथा पडून मी ओकलो. मूठ उघडून बघितली, लिंग होतं. ते डबीत ठेवलं आणि मगच दिगंबरकडं बघितलं. तो माझ्यापेक्षा जास्त थरथरत होता.

"तू हाक मारलीस. म्या उभा राहिलो."

"बघितलं मी."

"मुद्दाम उभा राहिलो, आप्पा. वाटलं, कळू दे ह्याला. हाक मारल्यावर माणूस येत न्हाई म्हंजे काय असतंय, कळू दे एकदा." त्याचा आवाज फाटला. "चारला माती होती. म्या पाचपर्यंत थांबवली. माणसं म्हणायलीत, दिवस बुडायला आलाय, उचला. म्या म्हणलं, थांबा, लातूरहून आप्पा यायलाय. सगळ्या गावाला थांबवलं म्या. वाटंकडं बघत उभा होतो."

हे मला ठाऊक नव्हतं. दोन वर्षं मी माझ्या लाजेचाच विचार केला होता. कुणी माझ्यासाठी तासभर तिरडी थांबवली असेल हे माझ्या मनातही आलं नव्हतं. मला त्या क्षणी वाटलं, की त्यानं तराफ्यावर अजून थोडा वेळ उभं राहायला हवं होतं.

मग मी त्याला सांगितलं. महानंदाशिवाय कुणालाच सांगितलं नव्हतं ते.

"मी निघालो होतो, दिगू. अहमदपूरपर्यंत आलो होतो. त्याच आठवड्यात महानंदाला छातीत गाठ लागली होती. तपासायला दिली होती, रिपोर्ट यायचा होता. संगीतावहिनीला पण तिथंच झालं होतं. बसमध्ये मला वाटायला लागलं, वहिनीचं तोंड बघितलं की मला महानंदाच दिसणार. आन् त्या घरातून पाय घेऊन मी माझ्या घरात कसा जाऊ? अडाण्यासारखा विचार, पण आला. अहमदपूरच्या स्टँडवर उतरलो. चार वाजेपर्यंत बाकड्यावर बसलो आन् परतीची गाडी धरली."

"मग?"

"आठ दिवसांनी रिपोर्ट आला. साधी गाठ. दुकानाचं शटर ओढून मी आनंदानं रडलो. मग तुझ्याकडं काय तोंड घेऊन येऊ? तुझी गेली आन् माझी वाचली, हे सांगायला?"

दिगंबर शर्ट पिळत बसला होता. पिळून झाला तरी पिळत होता. मी त्याच्या शिवीची वाट बघत होतो, थपडेचीही चालली असती.

"वहिनी कशी हाय आता?" त्यानं विचारलं.

"बरी हाय."

"सहा महिन्याला दाखवता का?"

"हाव."

"दाखवत जा. हयगय करू नका. आम्ही लई हयगय केली." आणि मग तो रडला, गुडघ्यात डोकं घालून, मोठ्यानं. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला. त्यानं तो झटकला नाही. निवल्यावर डोळे पुसत म्हणाला, "माफ-बिफ म्हणायला मला लगेच जमायचं न्हाई."

"मी मागत न्हाई."

"मागायला पाहिजे," तो म्हणाला.

मी मागितली. हात जोडून, चिखलात बसून, स्पष्ट शब्दांत. त्यानं ऐकून घेतली. उठून तो तराफ्याकडं गेला. नायलॉनच्या सगळ्या गाठी सोडल्या, दोर दुहेरी केला, मधे बांबूचा तुकडा घालून पीळ दिला आणि पुन्हा आवळला. "बघ, तीस वर्षं विकायलास," एवढंच म्हणाला. जुन्या दिगंबरचा तो पहिला टोमणा होता आणि मला तो फार गोड लागला.

दुपारी ऊन चढल्यावर त्यानं मला पुन्हा पाण्यात उतरवलं. मी नको म्हणत होतो. "आज न्हाई उतरलास तर जलमात उतरणार न्हाईस," म्हणाला. कमरेएवढ्या पाण्यात, कडेचा एक खुंट तेवढ्यापुरता सोडवून त्यावर मला पालथं घातलं आणि पाय मारायला लावले. मग खुंट काढून घेतला आणि पोटाखाली नुसता हात धरला. सकाळी ज्याच्या डोळ्यांसमोर मी बुडत होतो त्याच्याच हातावर मी दुपारी अंग सोडलं. भीती वाटली का? वाटली. तरी सोडलं. पाच-सहा हात मी तरंगलो असेन.

तिसरा दिवस: बंधाऱ्याच्या अलीकडं

दुपारी बंधारा दिसायला लागला. तिथं तराफा सोडवून टेम्पोनं पलीकडं नेऊन पुन्हा बांधायचा, असा बेत होता. आम्ही काठाला लागतो न लागतो तोच झाडीतून चार माणसं पळत आली. पुढं एक तरुण तलाठी बाई, मागं कोतवाल आणि दोघं जण.

आता आमची अक्कल बघा. ह्या नदीत चोरून वाळू काढणारे तराफ्यावरूनच काढतात, आणि महसूलचं पथक असे तराफे धरून नष्ट करतं, हे सगळ्या जिल्ह्याला माहीत आहे. दिगंबरला माहीत, मलाही पेपरातून माहीत. तरी आम्ही दोघे शहाणे तराफा, फावडं आणि वाळूनं भरलेली दोन घमेली घेऊन दिवसाढवळ्या चाललो होतो.

"वाळू सापडली, मॅडम," कोतवाल घमेलं दाखवत म्हणाला.

"ती चूल हाय," दिगंबर म्हणाला.

"चूल?"

"वरचे दगड बघा की. वरणाचं ओघळ बघा."

बाईंनी ओघळ बघितला, आम्हाला बघितलं. "मग निघालात कुठं?"

"संगमावर."

"कशाला?"

दिगंबरनं माझ्याकडं बघितलं, मी त्याच्याकडं. बाई म्हणाल्या, "काका, पन्नाशीची दोन माणसं केळीच्या खुंटावर बसून सहलीला निघाली, असं मी अहवालात लिहू का?" मग माझ्याकडं बोट करून दिगंबरला विचारलं, "हे कोण तुमचे?"

"दोस्त हाय," दिगंबर म्हणाला. "लातूरहून आलाय माझ्यासाठी."

मी पाण्याकडं बघत राहिलो.

बाईंचा आमच्यावर विश्वास बसला असावा, कारण नावगाव लिहून घेऊन त्यांनी आम्हाला मोकळं केलं. पण तराफा दिसला की मोडायचा हा त्यांना हुकूम, आणि त्या तरी काय करणार? माणसांनी डिझेल ओतून काडी लावली. भक्कन पेटलं आणि विझलं. पुन्हा ओतलं, पुन्हा विझलं. नुसता पांढरा धूर.

"मॅडम, केळीचा खुंट पेटत न्हाई," दिगंबर अगदी कळकळीनं म्हणाला. "त्यात पाणीच असतंय. कोयत्यानं दोर तोडा, मोकळा होतोय."

त्यांनी दोर तोडले, बांबूच्या खुंट्या उपसल्या. खुंट एकेक करून सुटे झाले आणि चौदाच्या चौदा बंधाऱ्याकडं तरंगत निघाले. आम्ही भांड्यांचं बोचकं आणि हवा सोडलेल्या ट्यूबा घेऊन काठावर बसलो. दिगंबर हसायला लागला. पोट धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसला. "संगीता असती ना," तो म्हणाला, "तर आपल्या दोघांला घरात घेतलं नसतं." अडीच दिवसांत तिचं नाव त्यानं पहिल्यांदा घेतलं.

संगम काही आम्ही पाहिला नाही.

अर्धापूर

जीपनं आणि टेम्पोनं आम्ही त्याच्या गावी पोचलो तेव्हा सूर्य मावळतीला होता. दारात वैष्णवी, त्याची मुलगी, उभी होती. मला बघून तिनं पदवीच्या परीक्षेचं पुस्तक बाजूला ठेवलं आणि खुर्ची पुढं केली.

मी खुर्चीवर बसलो नाही. "सतरंजी टाक, बेटा," म्हणालो. ती बापाकडं बघायला लागली. दिगंबरला कळलं. त्यानं स्वतः सतरंजी आणून भिंतीच्या कडेला अंथरली आणि माझ्याशेजारी बसला. दुखवट्याला आलेला माणूस जसा बसतो तसा मी बसलो, दोन वर्षं उशिरा. समोर भिंतीवर संगीताचा फोटो होता. मी तो नीट बघितला. अहमदपूरच्या बाकड्यावर ज्या चेहऱ्याची मला भीती वाटली होती तो संगीताचाच होता, दुसऱ्या कुणाचा नव्हता.

वैष्णवी थोड्या वेळानं पाणी घेऊन आली आणि समोर बसली. "शेवटी शेवटी आई विचारायची," ती हळूच म्हणाली, "आप्पाकाकाचा फोन आला का म्हणून." मग मात्र मला आवरलं नाही. पोरीसमोर मी हुंदके देऊन रडलो. तिघांपैकी कुणी कुणाची समजूत घातली नाही. दिवा लावायची वेळ झाली तेव्हा वैष्णवी उठली आणि म्हणाली, "काका, जेवून जा."

"आज न्हाई, बेटा. आज मी बसायला आलोय."

दुखवट्याच्या घरातून उठताना आमच्याकडं 'येतो' म्हणत नाहीत. तसल्या प्रसंगानं पुन्हा येणं नको, म्हणून. गुपचूप उठायचं, चपला घालायच्या आणि मागं न बघता चालू पडायचं. मी तसाच उठलो. अंगण ओलांडलं, फाटकाची कडी काढली.

"आप्पा."

मी थांबलो, पण वळलो नाही.

"तसाच चाललास का?" दिगंबर दारातून म्हणाला. "येतो म्हण की."

तो तिथंच उभा राहून वाट बघत होता. मी मागं वळलो.

"येतो," मी म्हणालो.

"हाव," तो म्हणाला. "येताना वहिनीला घेऊन ये."